एका हंगामाची गाडी

१

आमच्याकडं गाडी विकत नाहीत, गाडी संपते. माझ्या वडिलांची स्कूटर माझ्या जन्माआधीची. माझ्या लग्नात बुंदीची टोपली आणायला तीच गेली होती. धाडच्या स्टँडवर कय्यूमभाईंची जीप उभी असते, तिचा तळ असा झिजलाय की डबकं आलं की मागं बसलेली सगळी मंडळी, कोणी न सांगता, पाय वर घेतात. कापूस चांगला झाला तर तिला नवं छत मिळतं, कपाशीवर लाल्या रोग पडला तर जुन्या छताला ठिगळ. पण जीप तीच.

म्हणून कुलदीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पांढरी व्हॅन दारात आणून उभी केली तेव्हा सासूबाई आरतीचं ताट घेऊन पुढं गेल्या आणि मी मागं गेले. मला मागून बघायची सवय आहे. भाजी, माणसं, औषधाची बाटली, सगळंच मी आधी उलटं करून बघते.

मागच्या दारावरचं जुनं लिखाण खरवडून काढलेलं होतं. पण खरवडलेलं सगळं सारखं जात नाही. पांढरा रंग उन्हानं पिवळा पडतो, आणि अक्षरं जिथं असतात तेवढी जागा पांढरी राहते. "सकलैन, रोहिणखेड" हे शब्द गेले होते तरी त्यांची पांढरी सावली ढळढळीत वाचता येत होती. त्यावर कधीतरी "आईची कृपा" चिकटवलेलं होतं, त्यावर "जय गजानन". त्या दोघांचा मात्र नुसता डिंक राहिला होता. रंगात फरकच नाही.

म्हणजे सकलैनचं नाव या दारावर कित्येक उन्हाळे होतं. पुढचे दोघं पाहुण्यासारखे येऊन गेले.

"अहो, ही कोणाकोणाकडं होती?"

"मले काय मालूम? कय्यूमभाईनं जमवून देल्ली." कुलदीप टायरवर लाथ मारत होता, गाडी घेणारा प्रत्येक पुरुष ते का करतो, मला कळत नाही. "कापूस आला, घेतली. कापूस गेला, इकली. त्यात काय एवढं?"

कुलदीपचं बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. बीटी बियाण्याची पाकिटं आल्यापासून गावात काय आलं आणि काय गेलं, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी मला पटलं नाही. हंगाम बुडाला तर माणूस गाडी भाड्यानं चालवतो. गाडी कमावते. एका हंगामात ती कोणी सोडत नाही, आणि लागोपाठ दोघं तर नाहीच.

पण "नको ही गाडी" असं मी म्हणू शकत नव्हते. गाडी माझ्यासाठीच आली होती. म्हणजे रेणूसाठी.

२

रेणू आमची मुलगी, साडेतीन वर्षांची. ताप चढला की तिला झटका येतो; डोळे फिरतात, हात काठीसारखे ताठ होतात. मागच्या पोळ्याला झटका आला तेव्हा एसटी निघून गेली होती आणि जीप भरायची होती. बुलढाण्याला पोचेपर्यंत मी काय काय बोलले देवाला, ते देवानं विसरावं. तिथल्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: ताप चढू द्यायचा नाही आणि झोप मोडू द्यायची नाही. झोप अपुरी झाली की हिचं डोकं बिथरतं.

तर गाडी आली आणि पहिल्या रविवारी आम्ही माझ्या माहेरी, बुलढाण्याला निघालो. रेणू प्रवासात झोपणारी पोर. एसटीत बॉनेटवर बसवली तरी झोपते. मागच्या सीटवर ती आणि मी. गाव सुटलं, तिची मान कलली, पापण्या मिटल्या.

आणि ती दचकली. कोणी हाक मारावी तशी. डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं, परत मान कलली. परत दचकली. बुलढाणा येईपर्यंत तेच. शेवटी रडायला लागली.

"झोप ना राजा."

"मावशी झोपू नाही देत."

"कोण मावशी?"

तिनं माझ्याकडं बोट केलं नाही. स्वतःच्या दुसऱ्या बाजूला, दाराकडच्या रिकाम्या जागेकडं केलं.

"लेकरं काही बी बोलतात," पुढून कुलदीप म्हणाला.

बोलतात. मीही बीएस्सी आहे, मलाही माहीत आहे. पण उतरताना रेणूचा डावा गाल लाल झालेला होता. एकच गाल. आणि गाडीत फवारणीच्या औषधाचा तो गोडसर, घशाला चिकटणारा वास होता.

"दुकानातला वास हाय तो," कुलदीप म्हणाला. "माह्या अंगालेच येते."

तेही खरं होतं. मला त्या दिवशी सगळंच खरं वाटत होतं आणि काहीच पटत नव्हतं.

३

संशय घ्यायचा तर आधी स्वतःवर घ्यावा, असं मला वाटतं. त्यात मी तरबेज आहे.

रेणूला झटके यायला लागल्यापासून मला एक खोड लागली आहे. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. श्वास लागला तरी समाधान होत नाही, मग गालावर हळूच टिचकी मारते. ती कुरकुरली की माझा जीव भांड्यात पडतो. सासूबाई म्हणतात, "लेकराले झोपू दे वं! तूच तिले जागी ठेवून राह्यली अन् डाक्टराले इचारते झोप काऊन नाही म्हणून!"

मग तो लाल गाल माझाच उद्योग नसेल कशावरून? हात आपोआप जात असेल. सवय म्हणजे तीच ना, जी आपल्याला दिसत नाही.

पुढच्या खेपेला मी रेणूला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि स्वतः पुढं बसले. ओढणीचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरलं. मागं बघितलं नाही. धाडचा बाजार मागं पडला नाही तोच सासूबाईंचा आवाज आला, "काय झालं वं माय? काऊन दचकली?"

गाडीतून उतरल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "पोरीच्या गालाले मच्छर चावला वाटते." आणि त्यानंतर त्या गाडीत बसल्याच नाहीत. गुडघे दुखतात, म्हणाल्या. त्याच गुडघ्यांनी एसटीच्या पायऱ्या चढून बुलढाण्याच्या बाजाराला गेल्या.

मी कय्यूमभाईंना स्टँडवर गाठलं. ते जीपच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेले होते.

"भाई, आधीच्यानं व्हॅन का विकली?"

"वैनी, गाडी पहा ना. मालक काऊन पाह्यता?" ते आतूनच म्हणाले. "इंजन असं हाय का, तुमची पोरगी कॉलेजात जाईन तवरी चालते."

"पण विकली का?"

ते बाहेर आले, फडक्याला हात पुसत हसले. "त्याच्या घरवालीले गाडीत डुलकी लागत नोती म्हणे. आता बोला! डुलकीसाठी कोणी गाडी इकते का?"

मी हसले नाही. मग त्यांनीही हसणं अर्ध्यावर सोडलं आणि परत बॉनेटमध्ये शिरले.

४

दिवाळीनंतर आठ दिवस माहेरी गेले, तेव्हा रेणूला आईपाशी ठेवलं आणि दुपारच्या एसटीनं राजूर घाट उतरून रोहिणखेडला गेले. कुलदीपला सांगितलं नाही. काय सांगणार? की दारावर एक नाव वाचलं आणि त्याच्यामागं निघाले?

जुन्या मशिदीजवळ एका दुकानात विचारलं, "सकलैन नावाचा मुलगा, पांढरी व्हॅन होती त्यांच्याकडं."

"जाकीरभाईचा पोऱ्या. त्या बोळीत, हिरवं दार."

दार उघडलं ते जमीलाभाभींनी, सकलैनच्या आईनं. माझ्याच वयाच्या असतील, दोन-चार वर्षांनी मोठ्या. व्हॅनचं नाव काढताच त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला आत घेऊन दार लोटलं. चहा ठेवला. 

"तुमच्याकडं छोटं लेकरू हाय का?" मग त्यांनी विचारलं.

"मुलगी आहे."

"झोपते का गाडीत?"

"नाही. दचकून उठते." 

"आमच्याकडं लई वर्सं होती गाडी," त्या म्हणाल्या. "सकलैन त्याच गाडीत मोठा झाला. आमची एकच गाडी ना बोळीत, त मंग कोणाचं बी दुखलंखुपलं की जाकीरमियाँ चाबी घेऊन उभे. नाही म्हणताच येत नोतं. बाजूले चांगुणा राहे. मह्यी मैतरीन. कपाशीवर फवारा मारत होती, वारा फिरला, सारं तिच्याच तोंडावर आलं. घरी येऊन म्हणे, झोप येऊन राह्यली. झोपू द्यायचं नसते अशा माणसाले. मी मागं बसली तिच्यासंगं. पुऱ्या घाटात मी तिच्या गालावर मारत राह्यली. झोपू नको वं चांगुणा, आलं बुलढाणं. झोपू नको. आलं, आलंच."

त्या बोलताना स्वतःच्या नकळत तळहातानं हवेत थोपटत होत्या. हलकं नव्हे. चांगलं लागेल असं.

"मग?"

"दवाखान्यातच गेली ती. तिची मयत दुसऱ्या गाडीनं आली. घरचे सारे त्या गाडीत, मी बी त्याईच्यासंगं. आमची गाडी रिकामीच आली, जाकीरमियाँ एकटे." भाभींनी चहाचं भांडं उगाच फडक्यानं पुसलं. "तिची सासू रुखमाबाई, दारात बसून इचारे, ज्या गाडीनं नेली ती कोठी हाय? तिच्यापाशी जाऊन सांगा ना कोणी, घर आलं, उतर. नाहीतर बसून राहीन ते माणूस. आम्ही म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. सून गेली तिची, काय बी बोलते."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मंग सांगू म्हटलं. पण मले त्या गाडीजवळ जाववेना, ताई. अन् जाकीरमियाँनी एक दिवस इकूनच टाकली." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही आणा ना गाडी इथं. तिच्या दारात लावू. मी सांगते तिले. माहा आवाज वळखते ते."

मी "बघते" म्हणाले आणि माझा फोन नंबर देऊन निघाले. परत येताना एसटी घाट चढू लागली तेव्हा मला चांगलीच झोप आली. मी मांडीला चिमटे काढत जागी राहिले.

५

आता खरं सांगायचं तर गाडी रोहिणखेडला न्यायला काहीच अवघड नव्हतं. अवघड होतं ते कुलदीपला सांगणं. तरी सांगितलं.

तो हसला नाही, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "अर्पिता, तू झोपत जाय. तुलेच झोप नाही. डाक्टरनं रेणूची झोप सांगतली, तू आपली सोडून बसली."

"जमीलाभाभी खोटं बोलल्या?"

"बाई गेली ते खरं असन. आमच्या दुकानात दर सालाले अशा दोन-तीन गोष्टी ऐकू येतात. मी गिऱ्हाइकाले सांगून सांगून थकलो, तोंडाले फडकं बांधा, वारा पहा. पण म्हणून परक्या गावात, परक्या दारात, रिकाम्या सीटले 'उतर' म्हणायले गाडी घेऊन जाऊ? लोक काय म्हणतीन? बियाणंवाल्याची बायको यडी झाली."

लोक काय म्हणतील हे मलाही ऐकू येत होतं. मी शिकलेली बाई. पोलिओच्या डोसाला बायकांना समजावत फिरणारी. रोहिणखेडच्या बोळीत व्हॅनचं दार सरकवून मी रिकाम्या रेक्झीनशी बोलते आहे आणि पोरं गोळा झाली आहेत, असं चित्र डोळ्यांपुढं यायचं आणि माझेच कान तापायचे.

"कपाशी निघाली की जाऊ," कुलदीप शेवटी म्हणाला. असल्या वाक्याचा अर्थ प्रत्येक बायकोला कळतो.

तोवर मी एक युक्ती काढली. रेणूला गाडीत न्यायचंच नाही.

६

आणि मग रेणूला ताप आला.

सकाळीच. पट्ट्या ठेवल्या, औषध दिलं, तरी अकराच्या सुमाराला झटका आला. कुलदीप दुकान उघडं टाकून धावत आला. एसटीची वाट बघत बसायची हिंमत कोणात होती? मी तिला घेऊन मागं बसले. जाताना काही झालं नाही, कारण जाताना रेणू झोपलेली नव्हती. ती कुठंच नव्हती. मीच तिच्या गालावर मारत होते. रेणू, डोळे उघड. आलं बुलढाणं. आलंच. हे शब्द आपण याआधी कुठं ऐकले, ते मला मोतीबागेच्या वळणावर आठवलं आणि हात तसाच वर राहिला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दोन-तीन तास ठेवून घेतलं. ताप उतरला. म्हणाले, "आता घरी न्या आणि फक्त झोपू द्या. झोपेत कोणी हात लावू नका. परत झटका आला तर मात्र कठीण जाईल."

परतीच्या वाटेवर ती माझ्या मांडीवर होती. पापण्या जड झाल्या, मिटल्या. लगेच मान झटक्यानं एका बाजूला गेली. डोळे उघडले. परत मिटले. परत मान. मी "पुरे, पुरे" म्हणत माझा तळहात तिच्या डाव्या गालावर दाबून धरला. कोणाला पोचूच द्यायचं नाही, असं म्हणून.

माझ्या तळहाताच्या आणि तिच्या गालाच्या मध्ये काहीतरी होतं.

ओलसर. खरखरीत, कपाशीची बोंडं वेचून फाटलेल्या कातडीसारखं. ते मागं सरलं नाही. माझ्या हाताखालीच हललं.

मी ओरडले नाही. रेणू दचकली असती.

घर आलं. कुलदीपनं तिला उचलून आत नेलं. ती टक्क जागी होती, डोळे काचेसारखे. मी व्हॅनपाशी एकटीच उरले. दुपार टळली होती, गल्लीत कोणी नव्हतं. रोहिणखेड किती लांब, घाट किती लांब, कपाशी कधी निघणार आणि कुलदीप कधी नेणार? शब्द तर मला माहीत होते. घर म्हणजे घर. मी सरकतं दार पूर्ण उघडलं, घरातल्या मोठ्या माणसासाठी धरतात तसं धरून उभी राहिले आणि म्हणाले,

"चांगुणाबाई, घर आलं. उतरा."

काही झालं नाही. सीटचं रेक्झीन थोडं फुगून वर आलं, माणूस उठल्यावर येतं तसं. जुनं रेक्झीन उशिरा फुगतं, मी तर आत्ताच उठले होते. मला स्वतःचं हसू आलं. दार लावून मी घराकडं वळले, आणि उंबऱ्यापाशी, का कोण जाणे, थोडी बाजूला झाले. आधी दुसऱ्या कोणाला आत जाऊ द्यावं तशी.

७

गाडी एकदम गुणाची झाली. दुसऱ्या दिवशी कुलदीप रेणूला दाखवायला परत घेऊन गेला तर ती जाताना झोपली, येताना झोपली. उतरवताना उठवावं लागलं. वासही गेला. सासूबाईंचे गुडघे बरे झाले. कुलदीपनं मागच्या दारावरचा डिंक रॉकेलनं पुसून काढला आणि पेंटर बोलावून तिथं "रेणू, धाड" असं लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी जमीलाभाभींचा फोन आला. "ताई, कवा आणता गाडी? रुखमाबाईले सांगून ठेवलं मी. म्हातारी रोज दारात बसून राह्यते."

"आता गरज नाही भाभी," मी म्हणाले. माझ्या आवाजात जरा फुशारकीच होती. "मीच सांगितलं तिला. आमच्या दारात. उतरली बहुतेक."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"तुमच्या दारात?" मग त्या म्हणाल्या. "घर आलं, असं म्हटलं?"

मी फोन कानाशी धरून घरात बघत राहिले. सासूबाई पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. मधल्या खोलीत सतरंजीवर रेणू पडली होती. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन थेट तिच्या अंगावर. तीन दिवस झाले होते, ती घरात नीट झोपली नव्हती. आजारपणाची किरकिर, असं मी सगळ्यांना सांगत होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. सकाळपासून अंग कोमट लागत होतं.

मी फोन ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या पापण्या खाली येत होत्या.

"मम्मी," ती डोळे मिटता मिटता पुटपुटली, "मावशीले सांग ना."

मी माझे दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. मी नाही, हे एकदाचं पक्कं व्हावं म्हणून.

बाहेर कुलदीप गाडीवर पाणी मारत होता. कय्यूमभाई गिऱ्हाईक घेऊन आले होते वाटतं, कारण तो मोठ्यानं हसून सांगत होता, "नाही ना भाई, आता काऊन इकू? चांगली रुळली आता. आता ते कोठीच जात नाही."

आत, उन्हात, रेणूचा श्वास लांब झाला. झोप लागलीच होती.

तिच्या डाव्या गालावर चार जागा दबल्या. एकाशेजारी एक. क्षणभर तशाच राहिल्या, मग कातडी हळूहळू वर आली, लाल झाली.

मग पुन्हा दबल्या, या वेळी जोरात.